खुनाच्या मापाचा पश्चात्ताप

सोपान उगलेच्या मेंदूत पश्चात्ताप उगवला नाही, तर सरकार त्याला फाशी देणार होतं. डॉ. यामिनी गुर्जर त्याच्या डोक्यावर रोपणयंत्राचं शिरस्त्राण बसवत होती, आणि तो एखाद्या नव्या मोटारीकडे पाहावं तसं त्या यंत्राकडे पाहत होता. विहिरींवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणं हाच त्याचा धंदा होता. त्या धंद्यातला भागीदार, दत्तू शेळके, दुकानातच डोक्यात पान्हा बसून मेला. पान्ह्यावर सोपानचे ठसे मिळाले. पान्हा सोपानचाच, तेव्हा ठसे आणखी कोणाचे असायचे, एवढं विचारायचं त्याच्या वकिलाला सुचलं नाही.

"बाई, ह्यानं मला काय वाटंल?" त्याने विचारलं.

"वाईट वाटेल. फार वाईट वाटेल."

"दत्तू गेल्याचं वाईट आत्ताबी वाटतंय की. पर म्या मारलं न्हाई त्याला."

यामिनीने शिरस्त्राणाचा पट्टा आवळला. कारागृहाच्या भिंतीला लागून असलेल्या या संशोधन केंद्रात प्रत्येक जण हेच म्हणे, आणि ते ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. नवा कायदा सरळ होता. ज्या खुन्याच्या मेंदूत यंत्राला खरा पश्चात्ताप दिसेल, त्याला फाशीऐवजी जन्मठेप. ज्याच्या मनात तो आपणहून येत नाही, त्याच्यात तो पेरावा, ही त्यातली दयाळू सोय. निदान यामिनी तरी तिला दयाळू समजत होती, कारण त्या सोयीने तिने कित्येकांना दोरापासून ओढून परत आणलं होतं.

वर्षानुवर्षं खटला चालून फाशी ठरल्यावरही सोपान कितीतरी महिने संमतीची सही करायला तयार नव्हता. शेवटी बायको शेवंता भेटीला आली आणि जाळीला कपाळ लावून रडली. "तुमी जिते ऱ्हावा. मग काय वाटायचं ते वाटू द्या," म्हणाली. तेव्हा कुठे तो या खुर्चीत येऊन बसला.

कानाला ऐकू न येणाऱ्या श्राव्यातीत लहरींचे झोत ठरल्याप्रमाणे त्याच्या मेंदूत सोडण्यात आले. पहिले काही दिवस तो जेवणात जास्त मीठ पडल्यावर करावी तशी नुसती तक्रार करत होता. मग रडू लागला. मग एका दुपारी त्याने यामिनीला बोलावून सगळं सांगितलं. दत्तूने हिशेबावरून शिवी दिली, डोक्यात तिडीक गेली, हातातला पान्हा चालला. दत्तूचा सदरा निळा होता. पडताना त्याने टेबलाची कड धरली होती.

केंद्राचे प्रमुख डॉ. सोमण यांनी पेढे मागवले. सोपानची फाशी रद्द झाली.

आणि वर्ष उलटायच्या आत शेजारच्या जिल्ह्यात एक दरोडेखोर पकडला गेला. दत्तूच्या नखांत सापडलेली, सोपानशी न जुळूनही खटल्यात कोणी मनावर न घेतलेली कातडी त्याची निघाली. त्याच्या घरात दत्तूची अंगठीही सापडली. सोपान निर्दोष होता.

यामिनी तडक सोमणांच्या खोलीत गेली. "सर, त्याने निळा सदरा सांगितला. टेबलाची कड सांगितली. हे कुठून आलं?"

"खटल्यातून," सोमण म्हणाले. "इतकी वर्षं तो दुसरं काय ऐकत होता? यामिनी, मेंदूत भावना आधी येते, गोष्ट नंतर. तू सकाळी उगाच चिडून उठतेस, आणि मग चहा पाणचट झाला म्हणून चिडले, असं स्वतःला सांगतेस. आपण त्याच्यात अपराधभाव पेरला. त्याच्या मेंदूने विचारलं, हा कशाचा? हाताशी एक खून तयार होता. त्याने तो घेतला."

"आणि आता आपण तो खून काढून घेणार."

"कोर्ट काढून घेणार. घ्यायलाच हवा. माणूस निर्दोष आहे."

"मग अपराधभावही काढू या."

सोमणांनी मान हलवली. "आपण नवे मज्जातंतू वाढवलेत. ते त्याच्या मायेत, लाजेत, सगळ्यात गुंतलेत. उपटायला गेलो तर माणसाचं लाकूड होईल."

"आणि पेरलेल्या अपराधभावाचं माप?"

"माप खुनाचं. कमी ठेवलं असतं तर कायद्याच्या यंत्राला दिसलं नसतं. ते तूच ठरवलं होतंस."

हे ते खवचटपणे म्हणाले नव्हते, पण यामिनीला ते लागलं. तिने रात्रंदिवस डोकं खाजवून एक उपाय काढला. भावनेला पोसायला गोष्ट लागते. गोष्ट मिळालीच नाही, तर भावना पाणी न मिळालेल्या रोपासारखी वाळून जाईल. असं कोणावर करून पाहिलेलं नव्हतं. पण दुसरं काही हातात नव्हतं, आणि तिला ते खरं असायला हवं होतं.

सोपान सुटायलाच तयार होईना. कोर्टाचा निकाल वाचून दाखवला तेव्हा तो घाबराघुबरा झाला. "म्या मारलं न्हाई तर मग हे काय हाय, बाई? हे कशाचं हाय?" असं तो विचारत राहिला, आणि यामिनीने त्याला जे शास्त्र सांगितलं त्यातलं अक्षरही त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

तिने शेवंताला बाजूला घेतलं. "शेवंताबाई, ते आता काहीबाही कबूल करतील. कशालाही हो म्हणायचं नाही. खरं काय ते प्रत्येक वेळी ठामपणे सांगायचं."

"म्या कवा खोटं बोलले?" शेवंता म्हणाली. नवरा निर्दोष आहे हे इतकी वर्षं साऱ्या गावाशी भांडून सांगणारी ती बाई होती. तिच्याइतकं खात्रीचं माणूस यामिनीला शोधून सापडलं नसतं.

शेवटी सोपानला घरी नेल्यावर शेवंता आठवड्याला फोन करी. आईला दवाखान्यात नेलं नाही, आपल्यामुळे ती मेली, असं सोपान म्हणू लागला होता. "म्या म्हनलं, पाठीवर घालून नेलंवतं तुमी. डागतराच्या हातात गेली ती." पुढे विहिरीत एका पोराला ढकलल्याचं त्याला आठवलं. शेवंताने त्याला विहिरीवर नेलं, आजूबाजूच्या म्हाताऱ्यांना विचारायला लावलं. त्या विहिरीत कधी कोणी पडलंच नव्हतं.

"शाबास," यामिनी म्हणाली.

"पर बाई, दरयेळी ह्यांचं त्वांड बघवत न्हाई. ताटातली भाकर वढून घ्यावी तसं हुतं." मग तिने विचारलं, "सासूबाईंचं तेवढं हो म्हनू का? येकदाच. त्या काय आता रागवायच्या न्हाईत."

बाईचा आवाज थकलेला होता. पण उपाय अर्धवट सोडला तर आजवरचं सगळं पाण्यात जाईल, असं तिला वाटलं. "नाही," ती म्हणाली. "एकदासुद्धा नाही."

पुढच्या तपासणीत सोपानचा मेंदूआलेख आला. अपराधभाव जराही वाळला नव्हता. यामिनी तो आलेख घेऊन सोमणांकडे गेली.

"सर, मेंदूला गोष्ट सापडली नाही तर तो काय करतो?"

"शोधत राहतो."

"आणि मागची प्रत्येक गोष्ट खोटी ठरली तर?"

सोमणांनी आलेख हातात घेतला. दोघांच्याही ध्यानात ते एकदमच आलं. ज्याला भूतकाळात कारण मिळत नाही, त्याच्यासाठी पुढचा काळ मोकळाच असतो. यामिनीने फोन लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही. ती तशीच गाडीकडे धावली.

गावात पोहोचली तेव्हा उन्हं कलली होती. घरासमोर माणसं जमली होती आणि कोणी आत जात नव्हतं. सोपान ओट्यावर बसला होता. त्यानेच पोलीस पाटलाला बोलावणं धाडलं होतं. आत शेवंता मरून पडली होती. यामिनीने दारातून तिचे पाय पाहिले आणि तिला पुढे जाववेना.

सोपानचा चेहरा शांत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तो पुसतही नव्हता. या माणसाला आता फाशी होणार नाही, हे यामिनीला कळत होतं. कायद्याचं यंत्र त्याच्या डोक्यावर ठेवतील आणि त्यात खराखुरा पश्चात्ताप भरून दिसेल. ती जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"हे कशाचं हाय, त्याचा आता ठाव लागला, बाई," तो म्हणाला. "आता कुनी न्हाई म्हनायचं न्हाई." मग त्याचा आवाज फाटला. "लई इनवलं वो तिला. पाया पडलो. म्हनलं, येकदा तरी हो म्हन, कशालाबी म्हन, माझ्यानं धीर धरवत न्हाई. रडत हुती, पर न्हाई म्हनाली. डागतरीणबाईंनी सांगितलंय म्हनाली." त्याने मान वर केली. "तुमी सांगितलंवतं व्हय तिला?"

"हो," यामिनी म्हणाली.