प्रहरी आणि पेज

"कबूल करा आणि मोकळ्या व्हा," डॉ. घरत म्हणाले. "व्यसनमुक्तीचे उपचार घ्या, वर्षभराने पुन्हा आकाशात जा. नाही म्हणालात, तर परवाना कायमचा गेला म्हणून समजा."

किनारी आकाश-रुग्णसेवेच्या प्रयोगशाळेत कालिंदी तोरसकर ताठ बसली होती. उडती रुग्णवाहिका चालवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. खाडीवरच्या वादळवाऱ्यात तिने कितीतरी अडलेल्या बायका सुखरूप पोचवल्या होत्या. आणि आता तीच बाई दारुडी ठरली होती.

"प्यायलेच नाही, तर कबूल काय करू?" ती म्हणाली. "तुमच्या यंत्राचं मन राखायला खोटं बोलू?"

यंत्र म्हणजे यकृतप्रहरी. तांदळाच्या दाण्याएवढी ही कुपी सेवेतल्या प्रत्येकाने गिळायची, असा नियम होता. ती आतड्याला चिकटून बसे आणि यकृताची, रक्तातल्या मद्यार्काची खबर बाहेर देई. तिला बॅटरी लागत नसे. माणूस जे खाईल त्यातूनच ती आपली वीज काढी. घरतांनीच ती घडवली होती आणि पहिल्या मुलाचं करावं तसं ते तिचं कौतुक करत. प्रहरी खोटं बोलत नाही, हे वाक्य ते झोपेतसुद्धा म्हणत असावेत.

कालिंदीचे डोळे पिवळे झाले होते. लघवी गडद, अन्नावर वासना नाही, उजव्या बरगडीखाली जडपणा आणि अंगभर खाज. तळावरची माणसं तिला पाहिलं की एकमेकांकडे बघून गालात हसत, आणि तिला त्याची भयंकर चीड येई.

"कावीळ काय फक्त दारूनेच होते?" डॉ. शमीम परकारांनी विचारलं. प्रयोगशाळेतल्या या जीवरसायनतज्ज्ञ बाई उगाच बोलत नसत. "दूषित पाण्यातून विषाणू जातात. पित्तखडा वाट अडवतो. एखादं औषध बाधतं. थेंबही न पिणाऱ्याच्या यकृतात चरबी साठते."

"यातलं काही सापडलं का?"

"नाही."

"मग? रक्तातला मद्यार्क काय आभाळातून पडला?"

"आतच तयार झाला असेल. आतड्यात यीस्ट माजलं, तर ते अन्नातली साखर आंबवून मद्यार्क बनवतं. क्वचित घडतं, पण घडतं. माणूस भात खातो आणि झिंगतो."

घरत मोठ्याने हसले. "भात खाऊन! उद्यापासून प्रत्येक बेवडा हेच सांगेल!"

कालिंदी खुर्ची मागे सारून उठली. "मला कोंडा. अंगाची, खोलीची झडती घ्या. खायला नुसती पेज द्या आणि दाराशी तुम्ही स्वतः बसा. मग बघू कोण खोटं बोलतंय ते."

काचेच्या खोलीत सकाळी श्वासमापकाने शून्य दाखवलं, कारण ती आदल्या दिवसापासून उपाशी होती. मग पेज आली, मीठ घातलेली, वाफाळती. कालिंदीने वाडग्यामागून वाडगा संपवला. बाहेर घरत तिच्यावर डोळा ठेवून बसले होते आणि अधूनमधून मनगट खाजवत होते.

दुपारी आकडा हलला. थोड्या वेळाने तो मर्यादेपलीकडे गेला. घरतांनी खोली पुन्हा धुंडाळली, गादी उलटी केली, पेजेचं पातेलंसुद्धा हुंगलं. कालिंदीची जीभ जड झाली होती. तिच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं.

"नशेने नाही रडत मी," ती म्हणाली. "इतके महिने मान खाली घालायला लावलीत, त्याचं रडू आहे हे."

घरतांचा आवाज जरा उतरला. "मान्य. तुम्ही पीत नाही. पण दोष तुमच्या पोटाचा आहे. असं पोट घेऊन उडता येणार नाही."

"दोष पोटाचा नाही," परकार म्हणाल्या. "यांच्या आतड्यातलं यीस्ट मी वाढवून पाहिलं. ते रानटी नाही, प्रयोगशाळेत घडवलेलं आहे. सर, प्रहरीला वीज कशी मिळते?"

"किण्वघटातून. त्यातलं यीस्ट साखर आंबवतं. होणारा मद्यार्क घटातच जळतो आणि वीज मिळते. घटाच्या पडद्याबाहेर काही जाऊच—"

ते मध्येच थांबले.

"यांच्या प्रहरीचा पडदा फाटलाय, यीस्ट आतड्यात सांडलंय," परकार म्हणाल्या. "पहारेकरीच चोरी करत होता, आणि वर खबरही तोच देत होता."

घरतांची नखं पुन्हा मनगटावर गेली. ती खाज कालिंदीच्या चांगल्या ओळखीची होती. तिने त्यांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं.

"सर, प्रहरी तुम्हीही गिळलाय ना?"

"सगळ्यांच्या आधी."

"काय म्हणतो तो?"

घरतांनी नजर चुकवली. "गेले काही दिवस इशारे देतोय. मद्यार्क वाढला म्हणून. पण मी तर आयुष्यात कधी प्यायलो नाही. मला वाटलं, माझं तेवढं यंत्र बिघडलं असेल."

"असं होय! तुमच्या पोटात असलं, तर यंत्र बिघडलेलं. माझ्या पोटात असलं, तर मी दारुडी."

तिने पातेल्यातली उरलेली पेज वाडग्यात ओतली आणि वाडगा त्यांच्यापुढे सरकवला.

"माझा परवाना त्या टेबलावर ठेवा," कालिंदी म्हणाली, "आणि ही प्या. दाराशी मी बसते."