काशाने बुजलेला दरवाजा

कर्णगडाच्या पूर्व बुरुजावर तांबडं फुटलं, तेव्हा पायथ्याची पेठ रंगापूर जागीच होती. कारण पेठेतली लेकरं रात्रभर रडत होती आणि त्यांना देण्याजोगं कोणाच्याही घरात काही नव्हतं. ज्या पेठेत एके काळी सराफकट्ट्यापासून अत्तरगल्लीपर्यंत खांद्याला खांदा घासल्यावाचून पाऊल पुढे पडत नसे, जिथली लुगडी, समया आणि पागोटी नेण्यास दूरदूरच्या मुलखांतून बैलांचे तांडे येत, त्याच पेठेत आता लोकांनी दुकानांच्या फळ्या उतरवून चुलीत घातल्या होत्या. कोटाबाहेर गनिमाचे मोर्चे होते. वर गडावर किल्लेदार हैबतरावांनी मोठ्या दरवाजातली दिंडीसुद्धा लावून घेतली होती. पेठ मधल्या मध्ये अडकली होती, आणि तिला बाहेरचा दरवाजा एकच.

अशा सकाळी भवानशेटांच्या घरून येसू कासारणीला बांगड्या भरायला बोलावणं आलं. भवानशेट म्हणजे पेठेचा कारभार पाहणारे शेटे; दरवाजाच्या किल्ल्या वतनाने त्यांच्याकडे. येसूचा नवरा कोंडाजी तोफा ओतायला म्हणून गडावर गेला तो वरच अडकलेला, आणि घरात म्हातारा सासरा राघोबा नि पदरात सहा महिन्यांचं पोर. पोराला ताप नव्हता, पण त्याचं रडणं दोन दिवसांत बारीक झालं होतं, आणि तेच येसूला भिववत होतं. ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं.

शेटीणबाई उमाबाईंनी घरातल्या साऱ्या सवाष्णी ओळीने बसवल्या होत्या. थोरली सून सगुणाबाई, मांडीवर तान्हं घेऊन, सगळ्यांत आधी. येसू हात दाबून दाबून बांगड्या चढवत होती, आणि तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. सण नाही, लग्न नाही, डोहाळजेवण नाही. मग अख्ख्या घराने एका दिवशी हात भरायचे ते कशासाठी? रंगापुरात त्याला एकच कारण असे. गावची शीव ओलांडताना सवाष्णीचा हात जुन्या, टिचक्या काकणांनी जाऊ नये, म्हणून निघायच्या दिवशी कासारीण बोलवायची. वेढा पडलेल्या पेठेतून हे घर निघणार होतं, आणि बायकांना रीत मोडवली नव्हती.

तिच्या चेहऱ्यावरचं उमाबाईंनी ओळखलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी तिला माजघरात नेलं.

“दिवेलागणीला गाडीपाशी ये,” त्या हळूच म्हणाल्या. “पोराला पदराखाली घे. एवढी एक जागा मी मागून ठेवलीय. बाहेरच्या छावणीत दूध मिळेल गं त्याला.”

“आणि आळीतली पोरं, बाई?”

उमाबाईंनी मान फिरवली.

येसू घरी आली. जावं, असं तिला वाटलं, खरोखर वाटलं. पोराच्या टाळूवर हात ठेवून ती कितीतरी वेळ बसली. मग शेजारच्या तांबटाघरचं मूल रडू लागलं, आणि ते थांबेना, तेव्हा तिने उठून राघोबांना सगळं सांगितलं: आज दिवेलागणीला शेटजी गनिमाला दरवाजा उघडून देणार. कोतवालाकडे जाण्यात अर्थ नव्हता, तो शेटजींच्याच पंक्तीचा. पुरावा मागितला असता तर ती काय दाखवणार, बांगड्या? पण दरवाजाचा लोखंडी अडसर भिंतीतल्या खोबणीत सरकत असे. त्या खोबणीत वितळलेलं कासं ओतलं, तर किल्ल्या कोणाकडेही असोत.

“मग आपल्यालाही बाहेर पडता यायचं नाही, सूनबाई,” राघोबा म्हणाले. “उद्या गनिमाने अभयाचा कौल दिला तरी नाही. पोराकडे बघून बोल.”

“बघूनच बोलतेय, मामंजी.”

धातू सगळा गडावर गेलेला. उरली होती ती कालिकेच्या देवळातली घंटा. आळीतल्या बायकांनी ती गोधडीत गुंडाळून उतरवली, राघोबांनी देवीपुढे नाक घासलं आणि घणाचा पहिला घाव स्वतः घातला. दिवस कलता कलता वितळलेल्या काशाच्या मुशी घेऊन सासरा-सून दरवाजाशी पोहोचली.

चौकीवर महादू नाईक होता, उपासाने वाळलेला, पण जीभ शाबूत. “वा कासारीणबाई, चुलीला लाकूड नाही नि भट्टीला कोळसा आहे?”

येसूने त्याला काहीही न लपवता सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पागोटं काढून पुन्हा बांधलं, आणि पाणी प्यायला म्हणून विहिरीकडे चालू लागला. रिकामी आहे हे ठाऊक असलेल्या विहिरीकडे. खोबणीभोवती मातीची पाळ घालून राघोबांनी मूस कलती केली.

दिवेलागणीला पहारा बदलला, गाड्या आल्या, कुलपं निघाली. अडसर हलेना. शेटजींच्या माणसांनी दोर लावले, शिव्या दिल्या, पहारी लावल्या. बाहेर ओढ्याच्या पात्रात दडलेला गनिमाचा जमाव दरवाजा उघडतोय अशा समजुतीने उठून कोटाशी दाटला, आणि गडावरच्या तोफांना तो संधिप्रकाशात नेमका दिसला. त्या माऱ्यानंतर ओढा सकाळपर्यंत कण्हत होता.

पेठेतल्या लोकांनी मुसक्या बांधल्या, तेव्हा भवानशेटांनी येसूकडे पाहिलं. “तुझ्या लेकरालाही जागा ठेवली होती मी.”

“एकच ठेवली होती, शेटजी.”

दुसऱ्या दिवशी त्यांना कोटाखाली गर्दन मारलं. पण वेढा काही उठला नाही, गडाची दिंडी काही उघडली नाही, आणि येसूचं दूध पार आटलं. पोर आता रडतही नव्हतं. ती दारोदार फिरली. अंगावर दूध असलेली एकही बाई उरली नव्हती. म्हणजे एक होती. तिथे जायला पाय उचलेना. शेवटी गेली.

सगुणाबाईंनी दार उघडलं. आत उमाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, हात मोकळे.

“कुठल्या तोंडाने आलीस?” सगुणाबाई म्हणाल्या.

येसूने पदर बाजूला करून पोर दाखवलं.

सगुणाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “तुला क्षमा नाही. दे त्याला इकडे.”

पुढे महिन्याभराने वेढा उठला, आणि बुजलेल्या दरवाजाशेजारी कोट फोडून रंगापूरने नवी वाट काढली. पण त्या संध्याकाळी येसू उंबऱ्याबाहेर उभी होती. आत जाण्याची तिची छाती नव्हती, आणि श्वास रोखून ती ऐकत होती. आधी काहीच नाही. मग एक घोट.

मग दुसरा.