कडुनिंबाखालची विहीर

जुन्या डेटाबेसमधल्या विहिरी नव्या आवृत्तीत नेताना देवश्रीच्या लक्षात आलं, की नकाशावर सगळ्याच थोड्या सरकल्या आहेत. कारण साधं होतं. अक्षांश-रेखांशाच्या दशांशानंतर जुन्यात सहा आकडे होते, नव्या रकान्यानं तिनावरच पूर्णांकन केलं होतं. या नोंदींवरूनच गावोगावी नळाची लाइन खोदली जाणार होती. तिनं रकाना बदलला, डेटा पुन्हा भरला. विहिरी आपापल्या जागी गेल्या. घरी बसून हे जमलं, म्हणून तिनं स्वतःसाठी खास आल्याचा चहा केला.

एकच विहीर हलेना. हातानं सहाही आकडे टाकले, जतन केले. उघडून पाहिलं तर पुन्हा तीनच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती संतोषला घेऊन निघाली. गेल्या उन्हाळ्यात ही मोजणी दोघांनीच केली होती.

त्या विहिरीच्या मालकिणीच्या, मालनबाईच्या शेतात कापूस फुटला होता. विहीर घरालगत होती, तीन आकड्यांचा नकाशा म्हणत होता तिथंच. काठाच्या दगडावर दोरानं बोटभर खोल खाचा पडल्या होत्या.

"म्याडम, विहीर तं तिकडं होती," संतोष हळूच म्हणाला. "आपण बांधाजवळ उभे होतो."

बांधाजवळ कडुनिंब होता. दोघांच्या कवेत मावणार नाही एवढा.

"मावशी, ही विहीर कधीची?"

"माह्या सासूच्याही आधीची. काऊन वं?"

"आणि तो निंब?"

"तोबी."

संतोष गाडीकडे जाऊन उभा राहिला.

"पानी पिऊन जा, बाई. लई गोड हाय," मालनबाई म्हणाली आणि तिनं बादली सोडली.

दोर सरसरत गेला, सैल पडला.

बादली बुडाल्याचा आवाज मागून आला. कडुनिंबाखालून, जमिनीच्या पोटातून.

"तिकडूनच येते आवाज," मालनबाई हसली. "आमाले सवय झाली."

देवश्री ओंजळीनं प्याली. पाणी गार होतं, खरंच गोड होतं. उन्हात आल्याचा शीण उतरला. नोंद बरोबर आहे, आता लाइन खोदायला हरकत नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिला बरं वाटलं.

भरलेली बादली काठावर होती. मालनबाई दोर गुंडाळत होती.

कडुनिंबाखाली पुन्हा बादली बुडाली.