दुसऱ्यासाठी मांडलेलं घर

गेलेली लाईन काही आता लवकर येत नाही. बसा इथंच गच्चीवर. वैष्णवी, ती सतरंजी इकडं ओढ. अन् अंकुर, मोबाईलचा उजेड बंद कर बापा, डोळ्यात येते.

रवी तुमाले माहीत आहे. माह्या साडूचा पोरगा, यवतमाळचा, मंडप-बिछायतवाला. ही त्याचीच गोष्ट होय. सांगताना त्यानं माहा हात धरून ठेवलाता, म्हणून मी तिले खोटी म्हणत नाही. मागच्या वर्षी पोळ्याची अमावस झाली, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. त्या तान्ह्या पोळ्याची रात्र.

त्या दिवशी सकाळी रवी नेरले निघाला. गाडीत पडदे, दोन कुंड्या अन् एक लांब आरसा. घर मांडायचं काम शेवटाले आलंतं.

लग्नसराई नसली का रवी हा धंदा करते. कोणाले घर विकायचं असलं, किरायानं द्यायचं असलं, का रिकाम्या खोल्यांत सोफा, दिवाण, पडदे, भिंतीवर चित्रं, सारं लावून देते. पाहायले येणाऱ्याले वाटलं पाहिजे, इथं सुखाचा संसार चालू आहे. सौदा झाला का सामान परत गोदामात.

पण नेरचं हे घर विकायचं नव्हतं. निदान रवीले तसं सांगतलं होतं.

घर अनंतचं. अनंत म्हणजे रवीचा कॉलेजातला दोस्त, आता पुण्याले असते. बाप सदाशिवराव तहसीलीत बाबू होते, ते वारले. मागं आई, इंदुताई, त्या घरात एकटी. अनंतनं फोनवर सांगतलं होतं, "आईले महिनाभर उमरखेडले मावशीकडं ठेवलं आहे. तोवर घर रंगवून तुह्या गोदामातलं सामान लावून दे, आईले आवडलं तं तेच विकत घेऊ. जन्मभर तिनं जुन्यापान्यात काढलं. परत आली का नव्या घरात पाय ठेवेल."

रवीले भरून आलं. कॉलेजात असताना त्यानं इंदुताईच्या हातचं किती खाल्लं, त्याचा हिशोब नाही. आपलं घर समजून तो लागला कामाले. अन् रोज सांजेले इंदुताईचा फोन.

"रवी, माह्या खोलीले कोणता रंग देऊन राह्यला?"

"तुम्ही सांगा तो, काकू."

"पोपटी दे बापा. डोळ्याले थंड वाटते."

पोपटी दिला. अनंत म्हणाला पांढराच बरा दिसते, तरी रवीनं पोपटीच दिला. फक्त एका गोष्टीचं त्याले नवल वाटलं. अनंत म्हणाला, देवघर रिकामं कर, देव खोक्यात बांधून ठेव, बाबांचा फोटोही काढ. रवीले वाटलं, नवं देवघर येत असेल. नवी फ्रेम येत असेल.

तान्ह्या पोळ्याच्या सांजेले गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन आली, बोजाऱ्याचे पैसे मागून गेली. त्या दिवशी काकूचा फोन आला नाही. दिवेलागणीले आला तो अनंतचा. आवाज बसलेला होता.

"रवी, आजची रात्र तिथंच थांब. उद्या सकाळी अमरावतीचे लोक येऊन राह्यले. उदबत्ती-बिदबत्ती लावून ठेव."

"कायले येऊन राह्यले?"

"घर पाहायले. पटलं तं घेतील."

रवीले आधी समजलंच नाही. मंग समजलं.

"अन् काकू?"

"तिचं मी पाहतो."

"तिले माहीत आहे?"

"सौदा तं होऊ दे. सांगू मंग." अन् फोन ठेवला.

रवी त्याच भाड्याच्या सोफ्यावर बसून राह्यला. मले म्हणाला, "काका, कोणी माह्या हातानं दुसऱ्याच्या ताटात माती कालवली, असं वाटलं." सामान उचलून निघून जावं, असंही मनात आलं. पण काकूले तोंडावर सांगतल्याशिवाय जाणं त्याले बरं वाटेना. सकाळी उमरखेडले जायचं, असं ठरवून तो तिथंच आडवा झाला.

किती वेळ झाला, काही पत्ता नाही. दार वाजलं.

उघडलं तं इंदुताई. हातात कापडी पिशवी.

"काकू? इतक्या रात्री?"

"राहवलं नाही बापा. पाहू तं दे, कसं केलं."

उमरखेड कुठं, नेर कुठं. इतक्या रात्री तिकडून कोणती एसटी येते? पण हे त्याले तेव्हा सुचलं नाही. ती आत आली. पडद्यावरून हात फिरवला. आरशापुढून गेली, पण पाह्यलं नाही. रवीनं पाण्याचा गिलास दिला, तो तिनं तसाच बाजूले ठेवला. पोपटी खोलीत गेली अन् लय वेळ उभी राह्यली.

"असाच म्हणत होती मी," म्हणाली. "अस्साच."

रवी मान खाली घालून उभा.

मंग ती मधल्या खोलीत आली. देवघराच्या रिकाम्या कोनाड्यापुढं थांबली.

"रवी, माहे देव कुठं आहेत?"

रवीनं कोपऱ्यातल्या खोक्याकडं पाह्यलं.

"अन् ह्यांचा फोटो?"

तिनं सारं घर पुन्हा एकवार पाह्यलं. सोफा. कुंड्या. भिंतीवरची कोण कुठली चित्रं.

"कोणाचं घर मांडलं रे तू?"

"मले आजच समजलं, काकू. तुमची शप्पथ. उद्या लोक येऊन राह्यले… अनंतनं बोलावले. घर पाहायले."

ती सोफ्याच्या कडेले बसली. रवीले तिच्या तोंडाकडं पाहवेना. तो सैपाकखोलीत गेला अन् रागारागानं अनंतले फोन लावला.

"काकू इथं येऊन बसल्या आहेत. आता तूच सांग तिले."

तिकडं मागं कोणीतरी रडत होतं.

"कोण येऊन बसलं?"

"तुही आई."

"रवी…" अनंत म्हणाला. "आईची तब्येत बिघडली म्हणून मी सकाळीच उमरखेडले आलो. आईजवळच बसलो आहे. आई आज सांजेलेच गेली रे."

…

काय रे अंकुर? काही नाही. वारा होय तो. बस.

रवीनं कसंबसं विचारलं, "मंग मले काहून नाही सांगतलं? सांजेले तं बोललास…"

"तू उद्याचं पाहणं होऊ दिलं नसतं. सुतक ऐकलं का लोक परतले असते. म्हटलं, एवढं होऊ दे…"

घर रिकामं. रात्र चूप. फोनातला आवाज साऱ्या घरात ऐकू जाये.

रवी वळला.

ती दारात होती.

उभी.

फोनाकडं पाहत होती. तोंडावर राग नाही. रडू नाही. लेकराले कोणी गर्दीत सोडून गेलं का कसं दिसते… तशी.

अन् हळूच म्हणाली,

"कोण गेलं रे, रवी?"

…

तिले माहीतच नव्हतं. तेही कोणी सांगतलं नव्हतं तिले.

रवी मागच्या दारानं पळाला. उघड्या पायानं. सामोरच्या घराच्या ओट्यावर रात्रभर बसला. कोणाले उठवलं नाही. घरात दिवा जळत होता. मधूनच तो पडद्याआड झाकल्यासारखा व्हाये, पुन्हा दिसे. कोणी खोल्याखोल्यांतून फिरून राह्यलं, असा.

सकाळी अमरावतीवाल्यांची गाडी आली. रवी उठून त्यांच्या आडवा गेला. "घरात सुतक आहे," म्हणाला, "घर विकायचं नाही." लोक मुकाट्यानं परतले. रवी तसाच उमरखेडले गेला, काकूले खांदा दिला. अनंतशी एक शब्द बोलला नाही. मसणातून परतताना अनंतनंच त्याचा हात धरला.

"रवी, ती… काही म्हणाली का रे?"

रवीनं त्याच्याकडं पाह्यलं. हात सोडवून घेतला. सांगतलं नाही. आजपर्यंत सांगतलं नाही.

काय म्हणतं, वैष्णवी? हो, भास असेल. दिवसभराचा थकवा, वरून असा दगा. मीही त्याले तेच म्हणालो. तेव्हा त्यानं मले एक गोष्ट सांगतली.

लोक परतल्यावर, उमरखेडले निघायच्या आधी, घराले कुलूप लावायले तो आत गेला. सैपाकखोलीत शेगडी होती, ती नुसती दाखवायले ठेवलेली. तिले सिलिंडर जोडलंच नव्हतं, नळी खाली लोंबत होती. घरात चहाची पत्तीही नव्हती, दूध तं दूरच.

शेगडीवर एक पातेलं होतं.

दूध उतू गेलं होतं. नव्या घरात बाई पहिल्यांदा पाय ठेवते तेव्हा उतू जाऊ देते, तसं. शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून खाली… नव्या फरशीवर.

रवीनं बोट लावून पाह्यलं.

कोमट होतं.