दाराचा नवा आकडा

खट्! फ्रिज सुरू झाला आणि घरातली शांतता मोडली. वीज आली होती. जुईने टाळ्या वाजवल्या.

आई मात्र कॉम्प्युटरच्या पडद्याकडेच बघत होती. त्यावर अक्षरं उमटली : ‘यादृच्छिकता अपुरी. प्रतीक्षा करा.’

मंगळावरच्या त्यांच्या घराबाहेर, धुळीच्या वादळात, बाबांची गाडी दाराला चिकटून उभी होती. गाडीत अकरा मिनिटांची हवा उरली होती.

“मग दार उघड ना!”

“दाराला आकडा लागतो, राणी. दर वेळी नवा. मागे एकदा जुन्याच आकड्याने भलतं दार उघडलं आणि एका घरातली सगळी हवा गेली. तेव्हापासून यादृच्छिक (आधी कुणालाच ओळखता न येणारा) आकडा मिळाल्याशिवाय दार हलत नाही.”

“मी सांगते! सात! सतरा! सत्याहत्तर!”

“बघ, सगळीकडे सातच. माणसाला मनाने जमत नाही, आणि कॉम्प्युटरला तर त्याहून नाही. तेच गणित, तेच उत्तर.”

“मग रोज कुठून आणतो तो?”

“बाहेरून वेचतो. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम (सगळ्या कामांवर देखरेख ठेवणारी यंत्रणा) कान लावून असते. कळ नेमकी कधी दाबली, पंख्याची खरखर किती... हे सगळं साठवते, घुसळते आणि त्यातून आकडा काढते. बंद होताना थोडा साठा जपूनही ठेवते. आज वीज अचानक गेली गं, साठा जपायचा राहूनच गेला.”

“शेजारच्या आशयकाकाकडून वाटीभर आणू?”

“मग ते गुपित कसलं?” आई हसली नाही. तिचे दोन्ही हात हवेच्या दाबाचं चाक धरून होते. ते सोडता येत नव्हतं. “तू कळा दाब. कुठल्याही. थांबू नकोस.”

पडद्यावर साठा भरू लागला : पाच टक्के. नऊ. मग जुईची बोटं घाबरली आणि सवयीवर गेली : धा धिं धिं धा. रोजचा तबल्याचा रियाज.

“जुई, ताल सोड! ठरलेलं वाजवलंस तर आकडा ओळखता येईल!”

“सुटत नाहीये, आई!”

रेडिओ खरखरला. “वाजवू दे तिला. पहिल्यांदाच न सांगता रियाज करतेय.” मग बाबांना खोकल्याची उबळ आली.

सव्वीस. तीस. टक्के हळू, पण चढतच होते. आईच्या लक्षात आलं.

“चुकलं माझं! वाजव! कितीही तालात वाजवलंस तरी प्रत्येक बोट सेकंदाच्या लाखाव्या भागाने मागेपुढे पडतं. आपल्या कानाला नाही कळत, कॉम्प्युटरच्या घड्याळाला कळतं. तोच फरक हवाय!”

जुई रडत रडत वाजवत राहिली. साठ. नव्वद. शंभर!

दार सरकलं. लाल धुळीने माखलेले बाबा आत कोसळले आणि जमिनीवर पडूनच भराभर श्वास घेऊ लागले.

“उद्या प्रत्येक घराच्या दारापाशी कळा बसवू,” ते म्हणाले. “पोरं वाजवतील, साठा भरलेला राहील.”

जुई आपली लाल झालेली बोटं निरखत होती.

“आई, बोट नेमकं कधी पडणार हे कॉम्प्युटरला कळत नाही. तुला नाही, मलाही नाही. मग ते ठरवतं कोण?”