काळं कापड

यातलं काहीही मी रंगवून लिहिलेलं नाही. उलट दोन-तीन गोष्टी लिहायचा धीर झाला नाही, तेवढ्या गाळल्या आहेत.

रविवार होता. दुपारचे तीन. बाबा जाऊन चव्वेचाळीस दिवस झाले होते.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे आणि रविवारी फिशटँकमधल्या माशांचे फोटो काढायचे. आदल्या दिवशी माशांना उपास, म्हणजे पाणी गढूळ होत नाही. मग काच आतून-बाहेरून पुसायची. दिवा फक्त टँकच्या वर. अंगात काळा शर्ट.

"डोळा स्पष्ट आला तर मासा जिवंत," ते म्हणायचे, "नाहीतर बाजारातला."

आई म्हणायची, "माझ्याकडे इतकं टक लावून कधी बघितलं नाहीत ते!"

"तू हलतेस फार," बाबा म्हणायचे.

एकच अडचण होती. टँकच्या बरोबर समोर खिडकी. आईला अंधार सोसत नाही, म्हणून त्या खिडकीला जाड पडदा कधी लागलाच नाही. खिडकीचा पांढरा चौकोन काचेत उमटायचा, थेट माशाच्या अंगावर. म्हणून बाबांच्या मागे कोणीतरी काळं कापड ताणून उभं राहायचं.

ते कोणीतरी म्हणजे मी. वयाच्या नवव्या वर्षापासून.

"उजवा कोपरा वर," बाबा मागे न बघता म्हणायचे. काचेतच त्यांना सगळं दिसायचं.

त्या शेवटच्या रविवारी त्यांचा फोन आला होता.

"येतेस का गं? कापड धरायला कोणी नाही. तुझ्या आईचे हात भरून येतात."

दोन रविवार मी गेले नव्हते. घर फक्त वीस मिनिटांवर. मला पुस्तक संपवायचं होतं. हो, पुस्तक.

"पडद्याच्या दांडीला अडकवा की," मी म्हणाले. "त्यात काय एवढं!"

ते स्टुलावर चढले आणि पडले. उजवा खांदा आणि खुबा. एकोणीस दिवसांनी दवाखान्यातच गेले.

दांडीची कल्पना कोणाची, हे त्यांनी आईला सांगितलं नाही.

मीही नाही.

तर त्या दुपारी आईने टँक देऊन टाकायचं ठरवलं होतं. पाणी बदलणं तिला झेपत नव्हतं. मासेवाला दुकानदार म्हणाला होता, "ताई, आधी नीट फोटो पाठवा. मासे धड आहेत का बघू दे."

मी काच पुसली. बाबांचा काळा शर्ट खुंटीवर होता, तो चढवला. कापड शोधलं, पण मिळालं नाही.

"ते कुठलं मिळायला," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "रुग्णवाहिकेत त्यांच्या डोक्याखाली घातलं होतं. दवाखान्यातच राहिलं."

तशीच बसले. पहिले सात फोटो वाया गेले. प्रत्येकात एंजल माशाच्या अंगावर खिडकीचा तो पांढरा चौकोन.

आठव्या वेळी मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि...

बुडबुड्यांचा आवाज थांबला.

टँकमधली हवेची मोटर चालू होती. तिचा लाल दिवा दिसत होता. बुडबुडेही वर येत होते. फक्त आवाज नव्हता.

मग डांबरगोळ्यांचा वास आला. ते कापड वर्षानुवर्षं डांबरगोळ्यांत ठेवलेलं असायचं...

मासे एकदम थांबले. पाचही. तोंडं माझ्या दिशेने, पण माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागे बघत होते.

आणि काचेतली खिडकी विझली.

सावकाश नाही. दिवा मालवावा तशी.

माझ्या पाठीमागे, अगदी मानेजवळ, कापड ताणल्याचा आवाज झाला. आणि श्वास... जड, कष्टाचा. दवाखान्यात एकोणीस दिवस ऐकलेला.

मी मागे वळले नाही. भीतीने नाही. काय तोंड दाखवणार होते?

बटण दाबलं.

बुडबुडे पुन्हा वाजू लागले. मागे खिडकी. लख्ख ऊन. कोणी नाही.

मी फोटो आईला दाखवला. तिने चष्मा लावला. एंजलचा एकेक खवला मोजता येत होता. डोळा जिवंत. पार्श्वभूमी काळीभोर.

फक्त वर उजवीकडे एक छोटा पांढरा त्रिकोण होता. तिथे कापड खाली झुकलं होतं आणि मागची खिडकी दिसत होती.

आई बराच वेळ त्या त्रिकोणाकडे बघत राहिली.

"पडल्यापासून उजवा हात वर जातच नव्हता गं त्यांचा," ती म्हणाली.

मग चष्मा काढून पदराला पुसत म्हणाली, "मला एक कळत नाही. इतकी वर्षं नाही सुचलं, मग त्याच दिवशी दांडीला अडकवायचं डोक्यात कुठून आलं यांच्या?"

मी तोंड उघडलं.

आतल्या खोलीत बुडबुड्यांचा आवाज थांबला...

मी तोंड मिटलं.

टँक आम्ही दिला नाही. मी आता दर रविवारी जाते. काच पुसते, शर्ट चढवते, एक फोटो काढते. मागे वळत नाही. सहा फोटो झालेत. एकाखाली एक ठेवून बघितले, तर तो पांढरा त्रिकोण दर वेळी थोडा मोठा झालेला दिसतो. कोपरा खाली येत चाललाय.

त्यांचा हात भरून आलाय.

आणि आईला मी अजून सांगितलेलं नाही.