परवानगी नाही, निमिया

"हॅलो… कोणी आहे का तिथं? मला आत घेत नाहीये हो!"

 पलीकडून हसू दाबणारा एक पुरुषी आवाज – "कुठं आत? दार वाजवून पाहिलंत का?"

निमियाला रडू कोसळायचंच काय ते बाकी होतं. अंगभर कांजिण्या, त्यावर आईने थापलेला गुलाबी लेप, अंगात कसकस… आणि खिडकीबाहेर दोन दिवस न थांबलेला पाऊस. पाराग्वे नदी फुगत होती. उद्या पाणी कुठवर चढेल याचा अंदाज पिलार गावच्या नदी कचेरीतून निमियाच काढायची. तो रेडिओवर सांगितला, की खालच्या वस्तीतली माणसं गाद्या, कोंबड्या, म्हाताऱ्यांना घेऊन वर निघायची. तिची सुनिल्दा मावशी तिथंच राहायची.

पण हिशेबाची सगळी मांडणी कचेरीतल्या संगणकात. साहेब होडीतून वरच्या अंगाला पाणी मोजत फिरत होते. कचेरीत एकटी मिर्ता – पोटुशी, दिवस भरत आलेले. तिच्याजवळ कांजिण्या घेऊन जायचं कसं? म्हणून घरूनच त्या संगणकात शिरायचं ठरलं, तर पडद्यावर एकच ओळ – या खात्याला दुरून प्रवेशाची परवानगी नाही. आणि राजधानीतल्या मदत कक्षात इतका वेळ फोन कोणी उचलत नव्हतं!

"मी देर्लिस. जेवायला निघालो होतो, पण फोन थांबेचना," तो म्हणाला. "पासवर्ड बरोबर टाकताय ना?"

"बरोबर आहे! मी वेडी नाहीये."

"तसं म्हणालोच नाही. आवाजावरून तर चांगल्या शहाण्या वाटताय…"

"देर्लिस, इथं नदी चढतेय!"

त्याचं हसू थांबलं. कळफलकाची टकटक सुरू झाली. दुरून प्रवेश असणाऱ्यांच्या गटात तिचं नावच नव्हतं. त्याने ते घातलं. "आता बघा."

पुन्हा तीच ओळ.

"हे कसं शक्य आहे?" तो स्वतःशीच पुटपुटला. "फोनचा कॅमेरा लावा आणि पडद्यावर काय आलंय ते दाखवा मला."

घाईत तिच्या बोटानं भलताच कॅमेरा सुरू केला. फोनवर तिचाच चेहरा… गुलाबी ठिपक्यांचा, केस पिंजारलेला! आणि कोपऱ्यात एक सावळा तरुण, डोळे विस्फारून बघणारा.

"अगं आई गं!" तिनं फोन उशीवर उपडा टाकला.

"मी काहीच पाहिलं नाही," उशीतून आवाज आला. "म्हणजे… डोळे तेवढे पाहिले."

बाहेरून आई ओरडली, "निमिया, कोण आहे गं? मावशीचा फोन आला होता, अंगणात पाणी शिरलंय म्हणे!"

 निमियानं झटकन फोन उचलला. "काहीतरी करा ना… प्लीज."

"रडू नकोस. मी जात नाही कुठं." कधी 'अहो'चं 'अगं' झालं, दोघांनाही कळलं नाही. "कचेरीत पहिल्यांदा कशी लागलीस तू?"

"शिकाऊ म्हणून. गेल्या वर्षी कायम झाले."

"सापडलं! शिकाऊंच्या गटातून तुझं नाव कोणी काढलंच नाही. त्या गटाला दुरून यायला मनाई आहे, आणि मनाई असली की परवानगीला कोणी विचारत नाही. थांब… काढलं. आता ये."

पडदा काळा झाला. एक श्वास… दोन… आणि कचेरीतल्या संगणकाचा ओळखीचा पडदा समोर उघडला. तिच्या तोंडून हुंदका आणि हसू यांच्या मधलं काहीतरी निघालं. मिर्तानं आधीच कळवलेले आकडे ती भरत होती, तोवर देर्लिस फोनवर तसाच थांबला होता. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. अंदाज रेडिओला गेला. अंधार पडायच्या आत सुनिल्दा मावशी कोंबड्यांसकट त्यांच्या ओसरीवर हजर होती.

पहाटे वस्ती पाण्याखाली गेली. माणसं वाचली.

नंतरचे दिवस मात्र निमियाला जड गेले. पाणी उतरलं, खपल्या धरल्या, पण फोन वाजेना. त्यानं का करावा म्हणा! काम झालं, तक्रार मिटली. रोज सकाळी ती घरून संगणक उघडायची, आणि तो मुकाट्यानं उघडायचा… मेला!

शेवटी एका सकाळी तिनंच फोन लावला. 

"देर्लिस… पुन्हा आत घेत नाहीये."

टकटक. 

"निमिया, मला इथून दिसतंय. तू आतच आहेस. चांगली तासाभरापासून."

तिचे कान तापले. फोन ठेवून द्यावा? जमीन पोटात घेईल का?

"मग… मी ठेवते."

"ठेवू नकोस!" तो घाईघाईनं म्हणाला. "मी रोज बघतो. तू आत आलीस की… बरं वाटतं. फोन करायला कारण सापडत नव्हतं गं."

"कारण कशाला लागतं?" तिनं विचारलं.

"शनिवारच्या बसनं येऊ?"

"अजून डाग आहेत तोंडावर."

"मला लहानपणीच येऊन गेल्यात कांजिण्या. आता कशाचीच भीती नाही – तू नाही म्हणशील, एवढी सोडून."

दारात मावशी उभी होती, तेरेरे या थंडगार पानांच्या चहाचा पेला हातात धरून, कान टवकारून. निमियानं तिच्याकडे पाठ केली.

"ये," ती म्हणाली. "लवकरची बस पकड."